प्रोफेंच्या थर्मासात काय असतं?

६ ऑक्टोबर, सोमवार

१.६! गेल्या महिन्यात ४.९ आणि आता १.६. प्रोफेंचं रक्त आहे की झोपाळा?

प्रोफे क्रिस्पीनियानो — चार वर्षं मला गणित शिकवलेले, अजूनही समोर आले की मी नकळत सरळ उभी राहते. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवली. तेव्हापासून रोज वॉरफरिनची गोळी, रक्त पातळ ठेवायला. आकडा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. खाली घसरला तर झडपेवर गाठ धरायची, वर गेला तर साधं खरचटलेलंही थांबायचं नाही. हे मला पाठ आहे, तरी लिहून काढलं. लिहिलं की धीर येतो.

तपासणीचा कागद चार घड्या घालून आणला होता. त्यांची मुलगी देलिया बुएनोस आयरेसला असते. अकरा वर्षांनी तिला मूल झालंय. चौदा डिसेंबरला बाप्तिस्मा. राजधानीतल्या डॉक्टरांनी बजावलंय — ओळीने तीन आठवडे आकडा जागेवर राहिला तरच वीस तासांची बस, नाहीतर घरी बसा. शिवाय निरोप: तुमच्या औषधवालीला विचारा, ही गोळी नेमकी कशाशी भांडतेय?

औषधवाली म्हणजे मी. "शोधून काढते," म्हणाले. मोठ्या तोऱ्यात!

७ ऑक्टोबर

फॉर्म भरून घेतला. एक्केचाळीस प्रश्न आहेत त्यात. प्रोफेंनी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं दिली. दुसरं कुठलं औषध? नाही. डोकेदुखीची गोळी? नाही. दारू? रविवारी एक ग्लास, तोही अर्धा. पालक, कोबी, काळीज? "पालक आमच्याकडे कोंबड्या खातात." काढा, चूर्ण, झाडपाला? नाही म्हणजे नाही.

तासभर तेरेरे, आमचं ते पत्तीवरचं गार पाणी, एका नळीने आळीपाळीने ओढत बसलो होतो दोघं. खाली त्यांनी सही केली, मी शिक्का मारला. स्वच्छ, नीटनेटका फॉर्म. उपयोग शून्य.

८ ऑक्टोबर

आधीच्या मालकांनी दुकानासोबत तो जाडजूड औषधांचा ग्रंथ दिला होता, तो काढला. छपाईचं साल बघितलं. त्या वर्षी चर्चमध्ये माझी पहिली कम्युनियन झाली होती, आठ-नऊ वर्षांची असेन! त्यातली निम्मी औषधं आता मिळतही नाहीत. वॉरफरिनवर दीड पान, आणि त्या दीड पानावर कोणाच्या तरी चहाचा डाग.

११ ऑक्टोबर

औषध कंपनीचा तो बोलका माणूस आला, चकचकीत बुटांचा. वॉरफरिनचं विचारलं तर पोटाच्या गोळीचं रंगीत पत्रक हातात दिलं. परत विचारलं, तर परत पोटाची गोळी. आपलंच घोडं दामटत राहिला. जाताना कंपनीच्या नावाचा एक हातपंखा दिला. तो मात्र चांगला आहे, वारा येतो.

१३ ऑक्टोबर

आमच्या औषधवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटात प्रश्न टाकला. सात जणांची नऊ उत्तरं. लसूण, झोप, पौर्णिमा, खोटी गोळी, खरी पण जुनी गोळी... एकाने मात्र मुद्देसूद, लांबलचक संदेश पुढे पाठवला. वाचून बरं वाटलं. कोणीतरी अभ्यास केलेला दिसतो, म्हटलं. तिसऱ्या परिच्छेदाला शंका आली. शेवटाला खात्रीच पटली.

तो मीच लिहिला होता! तीन वर्षांपूर्वी, ऐकीव माहितीवर. गावोगाव फिरून, माझं नाव झडून, शहाणा होऊन माझ्याकडेच परत आला. क्षणभर तर मी त्यावर विश्वासही ठेवला होता.

कपाळावर हात मारला आणि खूप वेळ एकटीच हसत बसले.

१५ ऑक्टोबर

प्रोफे डोकावले. "सापडलं?" नाही म्हटलं. "मग पायऱ्या तरी दाखव." वर्गात होते तसेच आहेत. उत्तर चुकलं तरी चालायचं, पायऱ्या खोट्या लिहिलेल्या चालायच्या नाहीत.

२० ऑक्टोबर

परदेशातली एक मोठी साइट उघडली. दोन ओळी दाखवल्या आणि वर्गणी मागितली. दुसरी फुकट होती, पण ती म्हणे अमुक परदेशी बोरं खाऊ नका, तमुक परदेशी भाजी टाळा. त्यातलं एकही आमच्या बाजारात कोणी पाहिलेलं नाही. प्रोफे काय खातात? मंडिओका, बीन्स, चिपा. आमच्या पोटाचा पत्ता या लोकांना नाही.

आणि मग वजनकाटा पुसताना खालचा कागद निघाला. काटा डुगडुगू नये म्हणून अकरा वर्षं मी तिथे घडी करून ठेवलेला. विद्यापीठाचं परिपत्रक! औषध-माहिती केंद्र, सकाळी आठ ते बारा, फोन करा, विचारा. फोन नंबर धडधडीत छापलेला.

काटा आता डुगडुगतो. डुगडुगू दे.

२१ ऑक्टोबर

लावला फोन. रोसाल्बा नावाची बाई बोलली. आवाज तरुण, पण वकिलासारखी उलटतपासणी. कुठल्या कंपनीची गोळी? किती वाजता? जेवणाआधी की नंतर? मी ग्रंथात वाचलेलं सांगायला लागले तर म्हणाली, "आवृत्ती कुठली?" मी साल सांगितलं. ती हळूच म्हणाली, "त्यावर काहीतरी जड ठेवा आणि उघडू नका."

सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मला माहीत नाही. बघून सांगते."

ग्रंथ, पत्रक, गट, साइट — इतक्या ठिकाणी हिंडले, पण 'मला माहीत नाही' म्हणणारं पहिल्यांदा कोणी भेटलं. तिथेच माझा तिच्यावर जीव जडला.

२४ ऑक्टोबर

रोसाल्बाचं उत्तर आलं. तीन पानं, प्रत्येक वाक्यापुढे ते कुठून घेतलं त्याची नोंद. थायरॉइड, जुलाब, गोळीची कंपनी बदलणं — सगळं तपासलंय. आणि शेवटी: यातलं काहीही तुमच्या पेशंटला लागू पडत नाही.

पायऱ्या मात्र सुंदर!

३० ऑक्टोबर, गुरुवार

५.३. सकाळी दात घासताना हिरडीतून रक्त आलं, थांबेना. डॉक्टरांनी फोनवरून दोन दिवस गोळी बंद करायला सांगितली.

प्रोफे रागावले असते तर बरं झालं असतं. ते काउंटरशी उभे राहिले, हिरडीला रुमाल लावून, आणि म्हणाले, "देलियाला सांगतो, पुढच्या वर्षी बघू." वय शहात्तर. मी मागच्या खोलीत जाऊन रडले. मग तोंड धुऊन खोकल्याचं औषध विकलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, म्हणजे म्हातारपणी हसता येईल.

सकाळी सव्वादहा. रोसाल्बाला फोन. एक्केचाळीस प्रश्न परत पहिल्यापासून. "काढा? चूर्ण? झाडपाला?" तिने विचारलं. "नाही," मी म्हटलं. "नक्की?" "नक्की." आणि तेवढ्यात तिच्या बाजूने आवाज आला — सुर्रर्र. भांड्यातलं पाणी संपलं की नळी करते तो.

रोसाल्बा तेरेरे पीत होती. मी पण पीत होते. माझा थर्मास कोपराशी, आणि त्यात, नेहमीसारखा, समोरच्या फुटपाथवरच्या पालेवाल्या ओब्दुलियाबाईने, म्हणजे आमच्या न्या ओब्दुलियाने, नऊ वाजता उखळात कुटून दिलेला पाला. रोज घेते. अख्खं गाव घेतं. सकाळी तिच्याकडे थर्मास न्यायचा, "डोकं जड आहे" म्हणायचं, ती दोन जुड्या कुटून थंड पाण्यात ढकलते. मग दिवसभर ते पाणी पत्तीवर ओतून ओढायचं. त्याला औषध कोण म्हणतं? त्याला झाडपाला तरी कोण म्हणतं? ते पाणी आहे!

"रोसाल्बा," मी म्हटलं, "तुझ्या थर्मासात काय आहे?"

पलीकडे झाकण उघडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "देवा रे." आणि दोघी इतक्या हसलो की कफ सिरप घ्यायला आलेली बाई दाराशीच थांबली.

प्रोफे खोटं बोलले नव्हते. मी प्रश्न विचारला, त्यांनी 'नाही' म्हटलं, आणि दोघांनी त्याच वेळी एकाच नळीने तो पाला ओढला! काखेत कळसा आणि गावाला वळसा — माझा वळसा तर परदेशातून आला.

४ नोव्हेंबर

रस्ता ओलांडून गेले. न्या ओब्दुलिया चौतीस वर्षं त्या झाडाखाली बसते. माझ्या दुकानाला 'काचेचं कपाट' म्हणते आणि मला डॉक्टरीणबाई, तेही चारचौघांत, मुद्दाम लांबवून. चूक माझीही आहे. चौदा वर्षांपूर्वी दुकान घेतलं तेव्हा मी दारावर पाटी लावली होती — 'विचारल्याशिवाय जडीबुटी घेऊ नका.' तिच्या डोळ्यांसमोर. दोन महिन्यांनी काढली, पण तिने वाचली ती वाचलीच.

विचारलं, प्रोफेंच्या पाण्यात काय घालतेस?

उखळ थांबलं नाही. "तुझ्या पाण्यात काय घालते ते त्यांना सांगितलं तर चालेल तुला?"

मी दुकानात गोळीचं नाव पुकारते आणि मागे रांगेतल्या पाच जणांना कळतं कोणाला मूळव्याध आहे. ही बाई फुटपाथवर बसते, पण ताकास तूर लागू देत नाही!

"त्यांना घेऊन ये," म्हणाली. "ते म्हणाले तर सांगेन."

५ नोव्हेंबर

प्रोफे आले. काठी टेकत रस्ता ओलांडला आणि वर्गात म्हणायचे तसं म्हणाले, "ओब्दुलिया, सांग तिला सगळं. गाळू नकोस काही."

तिने सांगितलं. कागद नाही, वही नाही. सहा वर्षांचं! प्रोफेंना पित्ताचा त्रास, म्हणून रोज ओढ्याकाठचा बेर्रो, हिरवागार, एक मोठी जुडी. सोबत पेरेखिलची पानं, मुळासकट. प्रोफे तर पाणी संपलं की तळाचा चोथाही खातात, वाया कशाला घालवायचं म्हणून. गर्द हिरवा पाला! माझ्या त्या डागाळलेल्या दीड पानावरसुद्धा हे होतं — हिरवी पानं गोळीचा जोर मोडतात. मी पालक शोधत बसले, कोंबड्यांचा.

"आणि आकडा मधूनच वर का जातो?" प्रोफेंनी विचारलं. हा प्रश्न माझा होता, पण त्यांना आधी सुचला.

न्या ओब्दुलियाने बोटांवर आठवडे मोजले. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती मुळं खणायला रानात जाते. मागे भाची बसते. भाचीला ओढ्यात उतरायचा कंटाळा. ती सगळ्यांना पुदिना आणि गवती चहा देते.

मी तिथेच फुटपाथवर बसून आकडे मांडले. बेर्रोचे तीन आठवडे — आकडा खाली, डॉक्टर गोळी वाढवतात. भाचीचा आठवडा — बेर्रो नाही, गोळी वाढलेली, आकडा आभाळात. मग गोळी कमी. मग बेर्रो परत. दर महिन्याला! कागद प्रोफेंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा वर करून वाचला, खिशातून पेन काढलं आणि खाली बरोबरची खूण केली.

बेचाळीस वर्षांची झाले. तरी तो कागद या वहीत चिकटवला.

६ नोव्हेंबर

फॉर्ममध्ये बेचाळिसावा प्रश्न लिहिला, हाताने, लाल पेनने: थर्मासात काय असतं?

८ नोव्हेंबर, शनिवार

रोसाल्बा स्वतः आली! बसने, अडीच तास. फोनवर भारदस्त वाटायची, प्रत्यक्षात माझ्या खांद्याएवढी. तिला पाला हवा होता — नावावर भागत नाही म्हणे, एकाच नावाने तीन गावांत तीन झाडं निघतात. पान, फूल, मूळ, सगळं रद्दीच्या कागदात दाबून न्यायचं.

न्या ओब्दुलियाने आधी तिचीच परीक्षा घेतली. डोळे मिटायला लावून नाकाखाली सात जुड्या धरल्या. रोसाल्बाने चार ओळखल्या. "शहरातल्या मानाने बरी आहेस," म्हणाली, आणि बसायला स्वतःचं बुटकं स्टूल दिलं. ते स्टूल मला चौदा वर्षांत मिळालेलं नाही.

मग मात्र तिने नजर रोखून विचारलं, "माझ्या पाल्यात विष आहे असं लिहिणार का तू?"

रोसाल्बा म्हणाली, "विष नाही. जोर आहे. जोर नसता तर मी अडीच तास बसले असते का बसमध्ये?"

न्या ओब्दुलिया उखळातला पाला नेहमीपेक्षा जास्त वेळ कुटत राहिली, आणि तिचे कान लाल झाले होते.

दुपारी राजधानीतल्या डॉक्टरांशी बोलणं झालं. बेर्रो आणि पेरेखिल बंद, गोळीचं प्रमाण नव्याने ठरवायचं, दर गुरुवारी रक्त. आणि पाण्यात काय घालायचं ते रोज एकच, महिन्याचा शेवट असो की सुरुवात. पुदिना आणि गवती चहा चालेल, डॉक्टर म्हणाले. प्रोफेंनी तोंड वाकडं केलं. "भाचीचा तेरेरे पिऊ आता जन्मभर?" न्या ओब्दुलिया म्हणाली, "बाप्तिस्म्याला जायचंय ना? मग प्या."

संध्याकाळी तिघी बसलो. रोसाल्बा विचारत होती, न्या ओब्दुलिया सांगत होती, मी लिहीत होते. सत्तावीस झाडं. माझ्या ग्रंथात त्यातलं एकही नाही.

१३ नोव्हेंबर

२.४. थोडक्यात हुकला! हा धरायचा नाही. निघेपर्यंत उरले तीन गुरुवार, आणि तिन्ही लागतात. प्रोफे शांत आहेत. मी नाही.

२० नोव्हेंबर

२.८. एक झाला.

२४ नोव्हेंबर

महिन्याचा शेवटचा आठवडा. न्या ओब्दुलिया रानात निघाली. ती दारात आली — आत नाही, आत ती कधी येत नाही — आणि ओल्या फडक्यात बांधलेल्या सहा जुड्या माझ्या हातात ठेवल्या. प्रत्येकीला लाल दोरा. "प्रोफेंच्या. एका दिवसाला एक. भाचीवर माझा भरवसा नाही."

चौदा वर्षांत पहिल्यांदा तिचा माल माझ्या काचेच्या कपाटात! लस ठेवतात त्या फ्रिजमध्ये ठेवता येत नाही, नियम आहे. घरून भाजीचा लहान फ्रिज आणला. नवरा म्हणतो, आता आपण काय गरम लोणी खायचं?

खा म्हटलं.

२७ नोव्हेंबर

३.०! भाचीच्या आठवड्यात! प्रोफेंनी कागद दोनदा वाचला, चार घड्या घातल्या, उलगडला, परत वाचला. मी काउंटरवरून वाकून त्यांच्या गालाचा पापा घेतला. दुकानात माणसं होती. असू देत.

४ डिसेंबर, गुरुवार

३.१. तीन!

डॉक्टरांचा फोन: जाऊ द्या. तिथेही आठवड्याला रक्त तपासा.

प्रोफे हसले नाहीत. म्हणाले, "निमिया, दहापैकी दहा." शाळेत त्यांनी मला कधी नऊच्या वर दिले नव्हते.

९ डिसेंबर

बस स्टँड. प्रोफे कोटात, डिसेंबरच्या भर उन्हाळ्यात! न्या ओब्दुलियाने वीस वाळवलेल्या जुड्या दिल्या, मी गोळ्या, चिपाची पिशवी, आणि एक कागद — आजार, गोळी, प्रमाण, थर्मासात काय. कोटाच्या आतल्या खिशात घाला म्हटलं. त्यांनी तो आधी वाचला आणि एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

बस वळेपर्यंत आम्ही दोघी हात हलवत होतो. मग तिने मला विचारलं की माझं पित्त कसं आहे. मी खरं सांगितलं. अकरा वर्षांत कुठल्या डॉक्टरला सांगितलं नव्हतं एवढं.

१५ डिसेंबर

फोटो आला. बाळ रडतंय, देलिया रडतेय, प्रोफे बाळाची बोटं मोजताना दिसतात.

१९ डिसेंबर, शुक्रवार

अकरा वाजता फोन. लांबचा नंबर. बुएनोस आयरेसच्या कुठल्याशा दवाखान्यातली औषधवाली बोलत होती. प्रोफे रक्त तपासायला गेले होते — ३.०, उत्तम — आणि खिशातला कागद तिने वाचला. तिच्याकडे आमच्याकडची माणसं बरीच येतात म्हणे. आजवर कोणाला तिने थर्मासाचं विचारलंच नव्हतं. मग तिने शोधलं, ग्रंथांत, साइटवर, कुठेच काही नाही. शेवटी रोसाल्बाच्या केंद्राचं नवं टिपण मिळालं, सत्तावीस झाडांचं. खाली आधारांची यादी होती. पहिला आधार: ओब्दुलिया कान्येते. पत्त्याच्या जागी माझ्या दुकानाचा फोन.

तिच्यासमोर आत्ता एक बाई बसलीय, तीच गोळी घेणारी, आणि तिच्या थर्मासात कुठला पाला आहे ते या औषधवालीला ओळखता येत नाहीये. "त्या आहेत का तिथे?" तिने विचारलं. "दोन मिनिटं बोलता येईल का?"

मी दाराशी गेले आणि हाक मारली. न्या ओब्दुलियाने हात पुसले, रस्ता ओलांडला, उंबरठ्याशी थांबली. मग आत आली.